नीगातातली एएलटीची नोकरी: सही करण्याआधी काय बघायचं आणि रोजचा दिवस कसा जातो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिक्षण इंग्रजी माध्यमातून, बी.ए., बी.एड., नाशिकच्या शाळेत दोन वर्षं नोकरी. जपानच्या नीगाता प्रांतातल्या एका लहान गावात सहायक भाषाशिक्षक (तिथं सगळे ‘एएलटी’च म्हणतात) म्हणून एप्रिलपासून महिना २,३०,००० येनची नोकरी एका कंपनीनं देऊ केली आहे. जपानी येत नाही, जेवण शाकाहारी. तर रोजचा दिवस कसा असेल, मुलं ऐकतील का, आणि महिनाअखेर काही उरेल का?

मुलं ऐकतील. आपल्याकडचा पन्नास-साठ मुलांचा वर्ग सांभाळलेल्या शिक्षकाला तिथला तीस-पस्तीसचा वर्ग जड जात नाही, शिवाय वर्गशिक्षक सोबत असतात. या नोकरीत माणसं वैतागतात ती वर्गामुळे नाही. करारातल्या दोन-चार ओळी न वाचता सही केल्यामुळे आणि गाव कसलं आहे हे न विचारल्यामुळे वैतागतात. म्हणून आधी करार, मग पैसे, मग शाळा असं लिहितो. बरंचसं गावावर आणि कंपनीवर अवलंबून आहे. तसं असेल तिथं तसं सांगेन.

जपानच्या सरकारी शाळांत परदेशी शिक्षक तीन वाटांनी येतात. जेट ही १९८७ पासून चालू असलेली सरकारी योजना. तिच्यात २०२५ पासून पहिल्या वर्षाचा पगार वार्षिक ४०,२०,००० येन आहे. दुसरी वाट म्हणजे गावाच्या शिक्षण मंडळानं थेट नेमणूक करणं. तिसरी तुमची: मंडळ निविदा काढतं, स्वस्तात काम करणारी कंपनी ती घेते आणि आपली माणसं शाळांत पाठवते. तुमचे वर्षाचे २७,६०,००० होतात, ते जेटच्या मानानं इतके कमी का, याचं कारण त्या निविदेत आहे. आणि कंपनीनं पुढची निविदा गमावली, तर तुम्ही कितीही चांगलं शिकवलेलं असलं तरी मार्चअखेर ती शाळा सुटते. कंपनी दुसरं गाव देते, पण घर बदलण्याचा खर्च कोणाचा, हे आत्ताच लेखी विचारून ठेवा.

करारात ‘हाकेन’ लिहिलंय की ‘उकेओइ’, हे बघा. हाकेन म्हणजे कंपनीनं माणूस पुरवणं, आणि त्यात शाळेतले शिक्षक तुम्हाला थेट सूचना देऊ शकतात. उकेओइ म्हणजे ठेक्याचं काम, आणि त्यात कायद्यानं सूचना फक्त तुमच्या कंपनीकडून यायला हव्यात. शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकानं ‘हा परिच्छेद पुन्हा वाचा’ म्हणणंसुद्धा मग नियमात बसत नाही. जोडीनं शिकवायचं काम आणि करार असा, हा विनोदच आहे, पण असे करार होतात. उकेओइ असेल तर अख्खा तास एकटीनं घ्यायची तयारी ठेवा.

पुढची ओळ सुट्ट्यांच्या पगाराची. उन्हाळ्याची सुट्टी जुलैच्या शेवटापासून ऑगस्टअखेरपर्यंत, हिवाळ्याची साधारण दोन आठवडे, आणि वर्ष संपताना मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा. काही कंपन्या या महिन्यांत दिवसांच्या हिशेबानं पगार कापतात. ‘महिना २,३०,०००’ म्हणजे बाराही महिने का, हे स्पष्ट विचारा. त्यानंतरची ओळ रजेची. कायद्यानं भरपगारी रजा सहा महिने भरल्यावर मिळते, १० दिवस. त्याआधी ताप आला तर त्या दिवसाचा पगार जाऊ शकतो. आजारपणाची वेगळी रजा कंपन्या सहसा देत नाहीत.

व्हिसाचंही इथेच सांगतो, कारण वाचणाऱ्या इतरांनाही ते लागेल. सरकारी शाळेसाठी ‘इन्स्ट्रक्टर’ हा रहिवासी दर्जा लागतो आणि भाषा शिकवणाऱ्यानं त्याच भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण घेतलेलं असावं अशी अट आहे. तुम्ही इंग्रजी माध्यमाच्या, त्यामुळे अडचण नाही. शाळा आणि महाविद्यालयाकडून शिक्षणाचं माध्यम नमूद केलेलं पत्र लेटरहेडवर घेऊन ठेवा, कारण नुसत्या गुणपत्रिकेवर माध्यम असतंच असं नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि पुढे इंग्रजी असं ज्यांचं आहे, त्यांची १२ वर्षं भरत नाहीत. त्यांच्यासाठी खाजगी संभाषण-वर्गांची वाट आहे. तिथला दर्जा वेगळा आणि त्याला ही अट नाही. पण तिथं काम दुपारी सुरू होऊन रात्री नऊपर्यंत चालतं, शनिवारी हमखास असतं, आणि विद्यार्थ्यांना पुढचा कोर्स विकण्याची जबाबदारीही बऱ्याचदा शिक्षकावर येते.

आता पैसे. तुमच्या २,३०,००० मधून आरोग्यविम्याचे साधारण ११,५००, पेन्शनचे २१,९६०, बेरोजगारी विम्याचे हजार-तेराशे आणि प्राप्तिकराचे चार-पाच हजार वजा होऊन १,९०,००० च्या आसपास हातात येतील. कंपनीत ५१ किंवा जास्त कर्मचारी असतील आणि तुमचे आठवड्याचे तास २० किंवा जास्त असतील, तर ऑक्टोबर २०२४ पासून हा आरोग्यविमा आणि पेन्शन कंपनीला तुमच्यासाठी भरावंच लागतं, आणि निम्मा भार तिचा असतो. करारात आठवड्याचे २९.५ तास असा विचित्र आकडा दिसला तर चकित होऊ नका. पूर्वी तास ३० च्या आत ठेवले की विमा टळायचा, त्या काळची ती खूण आहे. कंपनी लहान असेल आणि ‘विमा तुमचा तुम्ही बघा’ म्हणत असेल, तर राष्ट्रीय पेन्शनचेच महिन्याला साडेसतरा हजारांच्या आसपास तुम्हाला खिशातून भरायचे आहेत. अशा वेळी २,३०,००० हा आकडा फसवा ठरतो.

खर्च असा धरा: खेड्यात एका माणसाचं घर ४५ ते ५५ हजार, वीज-गॅस-पाणी १० ते १५ हजार (हिवाळ्यात जास्त), फोन आणि इंटरनेट सहा-सात हजार, जेवण ३५ ते ४० हजार. गाडी लागली तर भाडं, विमा, पेट्रोल मिळून आणखी ३० हजार. म्हणजे गाडी धरून पूर्ण पगाराच्या महिन्यात ४५-६० हजार येन मागे पडतील आणि कापलेल्या पगाराच्या महिन्यात काहीच नाही.

दोन गोष्टी नवख्याला चकवतात. एक, पहिला पगार. एप्रिलचं काम, पण पैसे बऱ्याच कंपन्या मेअखेर देतात. तोवर घराची अनामत, ‘रेइकिन’ (घरमालकाला द्यायचे आणि परत न मिळणारे पैसे), भाड्याची हमी देणाऱ्या कंपनीची फी, गादी, दिवे, शेगडी असं सगळं येतं. हो, भाड्याच्या घरात छताचा दिवा आणि शेगडीही अनेकदा नसते. कंपनी घर लावून देत असेल तर तीन लाख येन हाताशी ठेवा, स्वतः शोधायचं असेल तर चार-साडेचार लाख. दोन, रहिवासी कर. तो आधीच्या वर्षाच्या कमाईवर लागतो आणि जूनपासून वसूल होतो, त्यामुळे पहिल्या वर्षी तो दिसतच नाही. पूर्ण वर्षाच्या तुमच्या पगारावर तो महिन्याला आठ-नऊ हजार पडेल. १ जानेवारीला तुम्ही जिथं राहत असता ते गाव त्या वर्षीचा कर घेतं. मार्चमध्ये नोकरी सोडून भारतात परतलात तरी तो चुकत नाही.

पोचल्यावरचा क्रम ठरलेला आहे. मोठ्या विमानतळांवर रहिवासी कार्ड लगेच मिळतं. घर मिळाल्यापासून १४ दिवसांत नगर कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवायचा, तो कार्डाच्या मागे लिहून देतात. मग फोन आणि बँक यांचं त्रांगडं: बँक फोन नंबर मागते आणि फोन कंपनी बँक खातं किंवा क्रेडिट कार्ड. भारतातलं आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्ड चालणारं आणि कॉल करता येणारं सिम आधी घ्या, नुसतं डेटाचं नको, की गाठ सुटते. वीज-पाणी फोनवरून सुरू होतं, गॅस मात्र माणूस घरी येऊन तपासून सुरू करतो. त्याची वेळ आधीच घेतली नाही तर एप्रिलच्या थंडीत दोन-तीन दिवस गार पाण्यानं अंघोळ करावी लागते.

शाळा. सकाळी सव्वाआठच्या आत शिक्षकांच्या खोलीत असायचं. दारात बाहेरचे बूट काढून आतले घालायचे. हे बूट भारतातून आणा, लहान गावात मोठ्या मापाचे मिळत नाहीत. खोलीत शिरताना सगळ्यांना ऐकू जाईल असं ‘ओहायो गोझाइमास’ म्हणायचं. पुटपुटलात तर कुणी काही बोलणार नाही, पण ते लक्षात राहतं. सकाळच्या बैठकीनंतर दिवसाचा बदललेला वेळापत्रक-तक्ता फळ्यावर असतो. तो दररोज बघा, कारण खेळाच्या दिवसाच्या सरावासाठी तुमचा तास कधी गेला हे तुम्हाला कुणी सांगेलच असं नाही.

प्राथमिक शाळेत २०२० पासून तिसरी-चौथीला वर्षाला ३५ तास इंग्रजीची ओळख आणि पाचवी-सहावीला ७० तास रीतसर विषय आहे. तास ४५ मिनिटांचा, माध्यमिकला ५० चा. वर्गशिक्षकाशी बोलायला मधल्या सुट्टीची पाच मिनिटंच मिळतात. त्यात तीनच गोष्टी विचारा: कोणतं पान, पुढे होऊन शिकवणार कोण, आणि आजचा ‘मेआते’ काय. मेआते म्हणजे तासाचं उद्दिष्ट. ते फळ्यावर चौकटीत लिहिलं जातं आणि शेवटी मुलं वहीत ‘फुरिकाएरी’ लिहितात, म्हणजे आज काय जमलं ते. तुमचा खेळ या दोहोंच्या मधे नीट बसला तर शिक्षक खूश. खेळ मस्त झाला पण फुरिकाएरीला वेळ उरला नाही, तर तास फसला असं ते मानतात.

एक तास जवळून बघू: पाचवी, वाढदिवसाचा धडा. महिन्यांची नावं इथं फार जड जातात, कारण जपानीत महिने नुसते आकड्यांनी ओळखले जातात, पहिला महिना, दुसरा महिना. जून-जुलैचा घोळ ठरलेला. तारखांचे ‘थर्ड’, ‘फिफ्थ’ त्याहून वाईट. म्हणून पहिल्या तासाला तारखांना हातच लावू नका, फक्त महिने. अभिवादन आणि आजचा वार तीन मिनिटं. तुम्ही आणि वर्गशिक्षक यांचा छोटा संवाद चार मिनिटं. चित्रकार्डांवरून उच्चार सात-आठ मिनिटं, त्यात जून-जुलै शेजारी-शेजारी. मग पत्त्यांचा खेळ दहा मिनिटं, जोडीनं विचारपूस दहा, लिहिणं पाच, आणि शेवटची पाच फुरिकाएरीची.

पत्त्यांच्या खेळात चार-चारचे गट करतात. ३२ मुलं म्हणजे आठ गट, प्रत्येकाला १२ महिन्यांची कार्डं, म्हणजे ९६ कार्डं. ती आदल्या दिवशीच छापून कापून ठेवायला हवीत. रंगीत छपाईला उपमुख्याध्यापकांना विचारावं लागतं, तेव्हा काळी-पांढरी छापा आणि जाड कागद वापरा. मुलांचे हात डोक्यावर, तुम्ही महिन्याचं नाव घ्यायचं, जो आधी कार्डावर हात ठेवेल त्याचं कार्ड. चुकीच्या कार्डाला हात लावला तर एक डाव थांबायचं. हा नियम नसेल तर तरबेज मूल सगळी कार्डं घेतं आणि बाकीचे तिघं ऐकणंच सोडतात. नियम इंग्रजीत सांगत बसू नका. वर्गशिक्षकाबरोबर समोर एक डाव खेळून दाखवा, अर्ध्या मिनिटात सगळ्यांना कळतं. नवे शिक्षक बहुतेक इथेच अडकतात: चार मिनिटं इंग्रजीत समजावतात, मुलं गोंधळतात, शेवटी वर्गशिक्षक जपानीत सांगतात, आणि तास हातातून जातो.

माध्यमिक शाळा वेगळी. तिथं इंग्रजीचे जपानी शिक्षक असतात आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी हायस्कूलची प्रवेशपरीक्षा डोक्यावर असते. तुमच्या वाट्याला मोठ्यानं वाचून दाखवणं, तोंडी परीक्षा आणि लिखाण तपासणं येईल. ‘मी टेपरेकॉर्डर झालोय’ ही एएलटींची जुनी तक्रार. तिच्यावर उपाय म्हणजे आधी एक छोटी गोष्ट मागून घेणं, तासाची पहिली पाच मिनिटं. त्यात मुलं बोलू लागली की शिक्षक आपणहून दहा देतात.

उच्चारांबद्दल स्पष्ट बोलतो. जाहिरातींत ‘नेटिव्ह’ हा शब्द सर्रास दिसतो, पण फिलिपिन्समधून आलेले कितीतरी एएलटी शाळांत आहेत आणि तुम्हाला नोकरी मिळाली आहे, तेव्हा तो प्रश्न मिटला. पाठ्यपुस्तकाचा आवाज मात्र अमेरिकी असतो. आपल्या ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’मधला फरक पुसट असतो, आणि ‘थ’ आपण दातांवर जीभ आपटून म्हणतो. या दोन जागा आत्तापासून घासा. शब्द अमेरिकी ठेवा: इरेझर, सॉकर, फॉल. तारीख लिहिताना महिना आधी. बाकी आपली लय बदलायची गरज नाही. फक्त वेग निम्मा करा.

जेवण हा तुमच्यासाठी खरा कठीण भाग आहे. शाळेत दुपारचं जेवण वर्गात मुलांबरोबर होतं, आणि सूपपासून भाजीपर्यंत सगळ्यात ‘दाशी’, म्हणजे बहुधा सुकवलेल्या कात्सुओ माशाचा अर्क असतो. ‘मांस नको’ एवढं सांगितलंत तर हॅमचे तुकडे आणि मासा येईल, कारण तिथं बऱ्याच जणांच्या डोक्यात ‘निकु’मध्ये, म्हणजे मांसात, ते धरत नाहीत. पहिल्याच दिवशी उपमुख्याध्यापकांना सांगा की शाळेचं जेवण बंद करून डबा आणायचा आहे. जेवणाची संख्या स्वयंपाकघराला आधीच जाते, त्यामुळे महिन्याच्या मधे थांबवणं जमत नाही आणि पैसे जातात. डबा मुलांबरोबर वर्गातच खा. पोळी-भाजीबद्दलचे प्रश्न म्हणजे इंग्रजीचा फुकटचा तास.

दुकानात पदार्थाच्या पाकिटावर ॲलर्जीची चौकट असते. तिच्यावर विसंबू नका, कारण कात्सुओ त्या यादीत येतच नाही. घटकांची पूर्ण यादी फोनच्या कॅमेऱ्यानं वाचा. डाळी, आटा, मसाले ऑनलाइन भारतीय दुकानांतून येतात, आणि तोक्योला गेलात तर निशि-कासाईत सगळं मिळतं. ‘ग्योमु सुपर’ या साखळीत छोले आणि नारळाचं दूध स्वस्त असतं. मिक्सर आणू नका, तिथं वीज १०० व्होल्टची. कुकर आणा, पण घरात इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा चालणार नाही, स्टीलचा आणि बूड इंडक्शनला चालणारा घ्या. ताजा कढीपत्ता, फळं, बियाणं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय विमानतळावर काढून घेतात. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एक महिन्यापुरती आणि दुकानातली साधी दोन महिन्यांपुरतीच परवानगीशिवाय नेता येतात.

आता नीगाता. किनाऱ्यालगतच्या शहरात आणि आतल्या डोंगराळ भागात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तोकामाची किंवा उओनुमाकडचं गाव असेल तर डोक्याहून उंच बर्फ धरून चाला. गावाचं नाव कळलं की आधी विचारा: किती शाळा, एकमेकींपासून किती लांब, गाडी कोणाची. गाडी चालवावी लागणार असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तो जपानमध्ये जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. पुढे जपानी परवान्यासाठी भारतीयांना लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा आहेत, आणि ऑक्टोबर २०२५ पासून लेखी परीक्षा ५० प्रश्नांची, ४५ बरोबर हवेत. भारतातला परवाना काढल्यानंतर तुम्ही किमान तीन महिने भारतात होतात हे दाखवावं लागतं, तेव्हा निघायच्या आदल्या आठवड्यात घाईनं परवाना काढून उपयोग नाही. नोव्हेंबरअखेर बर्फाचे टायर चढवायचे, गाडी उभी करताना वायपर उचलून ठेवायचे. घर गरम करायला रॉकेलचा हीटर असतो, १८ लिटरच्या लाल डब्यातून भरायचा, आणि तासाला एकदा खिडकी उघडायची. आळस केलात तर कार्बन मोनॉक्साइडनं जीव जाऊ शकतो. २००४ मध्ये याच भागात ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला होता. गावाचं आसरास्थान बहुधा तुमचीच शाळा असेल, नकाशात एकदा पाहून ठेवा.

जपानीशिवाय निभेल, पण एकटेपणानं. जाण्याआधी हिरागाना आणि काताकाना दोन्ही लिप्या पक्क्या करा, देवनागरी येणाऱ्याला दोन-तीन आठवडे पुरतात. मग वारांची आणि विषयांची कांजी चिन्हं, म्हणजे वेळापत्रक वाचता येईल. कचऱ्याचा तक्ता लगेच लागेल: ठरलेल्या पिशव्या, ठरलेले वार, बाटलीचं झाकण आणि लेबल वेगळं. चुकलेली पिशवी चिकटपट्टी लावून दारात तशीच ठेवतात, आणि शेजाऱ्यांना ती कोणाची हे बरोबर कळतं.

शेवटचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण पैशांचा आहे. कर्मचारी पेन्शनमध्ये भरलेल्या पैशांतला काही भाग देश सोडल्यावर एकरकमी परत मिळतो. किमान सहा महिने भरलेले हवेत, जास्तीत जास्त पाच वर्षांचा हिशेब धरतात, आणि जपान सोडल्यापासून दोन वर्षांत अर्ज करायचा. भारत आणि जपानमध्ये १ ऑक्टोबर २०१६ पासून सामाजिक सुरक्षा करार आहे, त्यामुळे ती वर्षं भारतातल्या कालावधीत जोडताही येतात, पण एकरकमी रक्कम घेतली की ती वर्षं पुसली जातात. दोन-तीन वर्षांसाठीच जाणार असाल तर रक्कम घेणंच बरं. त्यातून २०.४२ टक्के कर कापतात. तो परत मागता येतो, पण त्यासाठी जपानमध्ये राहणारा कर-प्रतिनिधी लागतो. त्याचा अर्ज निघण्याआधीच कर कार्यालयात द्या, भारतातून ते करायला गेलात तर फार त्रास होतो.